स्लाव्हिया 1.5 टीएसआय डीएसजीला स्टेज 2 करून 200 पीएसच्या वर न्यावे का?

आपली 2023 सालची स्कोडा स्लाव्हिया 1.5 टीएसआय डीएसजी आहे, म्हणजे 1.5 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; गाडी पत्नीही चालवते, मागे दोन मुले बसतात, आणि ट्यूनरने रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलणे), डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी), इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) व मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा), म्हणजे ज्याला स्टेज 2 म्हणतात ते सगळे मिळून 2 लाखांत 205 पीएस ताकद आणि 340 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देण्याचे कबूल केले आहे. हे करावे का, असा आपला प्रश्न आहे. त्यातला 340 हा आकडा वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हाच आकडा छापलेला डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, एक कागद माझ्या गाडीच्या कागदपत्रांच्या पिशवीत 2018 पासून घडी घालून ठेवलेला आहे.

माझी गाडी 1.8 लिटरची टर्बो पेट्रोल सेडान आहे. कंपनीतून ती 180 पीएस आणि 250 न्यूटन मीटर घेऊन आली. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा नव्हता. तिचा गिअरबॉक्स मात्र आपल्याच गाडीतला आहे, म्हणजे सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू 200. हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. आपल्या 1.5 इंजिनाचा टॉर्कही 250 न्यूटन मीटरच आहे, हा योगायोग नव्हे. आपण ज्या मर्यादेच्या पुढे जायचे म्हणता, त्या मर्यादेवर कंपनीने आपली गाडी पहिल्या दिवसापासूनच आणून उभी केली आहे.

माझ्या मावसभावाचा आणि माझा वाद तेव्हापासूनचा आहे. गाड्यांचे त्याला मनापासून वेड आहे, हात चांगला आहे, आणि मी रीमॅप करावा म्हणून तो वर्षभर माझ्या मागे लागला होता. त्याचे म्हणणे असे, की कंपन्या इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवतात, त्याच घराण्यातले 2.0 लिटरचे इंजिन ऑक्टाव्हिया आरएसमध्ये 230 पीएस देते, मग आपण 180 वर का बसायचे? हे बोलणे निम्मे खरे आहे आणि म्हणूनच ते पटते. एकच इंजिन दोन-तीन वेगवेगळ्या आकड्यांनी विकले जाते हे खरेच आहे. परंतु 2017 साली ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली, तेव्हा तिच्यात 230 पीएस आणि 350 न्यूटन मीटर पेलण्यासाठी तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा वेगळा डीएसजी होता, ब्रेक मोठे होते, टायर रुंद होते आणि सस्पेन्शन खाली बसवलेले होते. कंपनीने नुसती संगणकातली फाइल बदललेली नव्हती. मावसभाऊ फाइलकडे बोट दाखवत राहिला आणि मी फाइलकडेच पाहत राहिलो.

हे मला जास्त लागते, कारण मी भोसरीत गिअर कापणाऱ्या कारखान्यात काम करतो. काम किती टॉर्कचे आहे, झटके किती बसतील, दिवसातून किती तास चालेल, हे विचारून आणि त्यावर सुरक्षिततेची पट धरूनच आम्ही गिरणीच्या किंवा क्रेनच्या गिअरची मापे ठरवतो. एखादे गिऱ्हाईक येऊन म्हणाले, की तुम्ही दीडपट धरली आहे, म्हणजे अर्धी ताकद वाया जाते आहे, तर मी त्याला बसवून तासभर समजावेन. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी ते गिऱ्हाईक झालो.

2018 च्या डिसेंबरात, सकाळी नऊच्या सुमारास, पुण्याच्या थंडीत माझी गाडी डायनोवर चढली आणि 228 पीएस व 340 न्यूटन मीटरचा कागद घेऊन उतरली. यंत्र मोजते ते चाकांवरचे. इंजिनाचा आकडा त्यावर तोट्याची टक्केवारी चढवून काढलेला असतो, आणि ती टक्केवारी किती धरायची हे ऑपरेटरच्या हातात असते. त्यात थंड हवा टर्बोला मानवते. तरी गाडी खरोखर बदलली होती, हे नाकारणार नाही. द्रुतगती मार्गावर 80 वरून 120 ला जाताना पाठीला जो रेटा मिळत असे, तो मला आजही आठवतो. स्टेज 2 म्हणून फेब्रुवारीत डाउनपाइपही बदलला, त्यात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हता. सिग्नलला उभे असताना मागच्या सीटवर उग्र वास येऊ लागला. आईला त्याने मळमळत असे, आणि ती काच उघडून पदर नाकाला लावून बसे. मी म्हणत असे की समोरच्या ट्रकचा वास आहे. ते खोटे होते.

मे 2019 मध्ये आम्ही चौघे, म्हणजे आई, पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि मी, सामानासह पाचगणीला निघालो. वाईच्या पुढे पसरणी घाटात शनिवारची रांग लागलेली होती, एसी चालू होता, बाहेर ऊन रणरणत होते, आणि गाडी माणसाच्या चालीने, थांबत-सरकत वर चढत होती. धोमचे पाणी दिसू लागते त्याच्या थोडे अलीकडे गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरू लागली, मग जळक्या लायनिंगचा वास आला, आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटली. पुढच्या चढाच्या वळणावर समोरची एसटी निघाली, मी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, काटा 3000 च्या पुढे गेला आणि गाडी पुढे न जाता मागे सरकू लागली. ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला, तेव्हा मागच्या जीपचे नाक आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर होते. पत्नी खाली उतरली, कठड्याजवळचा एक दगड दोन्ही हातांनी उचलून तिने मागच्या चाकाला लावला, आणि मुलीला कडेवर घेऊन ती कठड्यापलीकडे उभी राहिली. आईला उतरायला मला हात द्यावा लागला. आम्ही तिथे अडीच तास होतो.

गाडी ट्रकवर घालून पुण्याला आणली. दोन्ही क्लचचा पॅक, फोर्क आणि मजुरी मिळून 1 लाख 10 हजार रुपये लागले. वाढीव वॉरंटी होती, पण संगणकात फाइल बदलल्याची नोंद सापडली आणि दावा नाकारला गेला. तो योग्यच नाकारला गेला, असे माझे मत आहे.

मावसभाऊ आजही म्हणतो, की घाटातल्या रांगेत कोरडा क्लच मूळ गाडीचाही तापतो, ट्यूनिंगचा त्याच्याशी संबंध नाही. या युक्तिवादाला मी नीट उत्तर दिले पाहिजे, कारण रांगेत सरकताना इंजिन 340 न्यूटन मीटर काढत नसते हे खरे आहे. तेव्हा टॉर्क अगदी कमी असतो. पण क्लच किती टॉर्क पकडून ठेवेल हे लायनिंगचे घर्षण, दाबाचे बल आणि चकतीची त्रिज्या यांवर ठरते, आणि यातले काहीही इंजिनाच्या रीमॅपने वाढत नाही. क्षमतेपेक्षा जास्त टॉर्क आला की चकती थोडी घसरते, चालवणाऱ्याला ते कळतही नाही, आणि त्या प्रत्येक घसरणीत लायनिंगचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत होतो. मी पाच महिने आणि 11,000 किलोमीटर रोज चार वेळा तरी हे केले होते. काढलेली चकती मी हातात घेऊन पाहिली आहे: कडेला निळसर-काळे डाग, मध्ये चकाकणारे पट्टे, आणि नखाने ओरखडा उठेल इतकी ठिसूळ झालेली लायनिंग. तसला क्लच घाटात आला, तापला, तापल्यावर त्याचे घर्षण आणखी कमी झाले आणि चार माणसांचे वजन त्याला पेलवले नाही. मूळ अवस्थेतला क्लच त्या दिवशी तापला असता, त्याने सूचना दिली असती, आम्ही थांबून निघालो असतो.

कंपनीने राखलेली सवड ही पडून राहिलेली शिल्लक नसते. नागपूरचा मे, महामार्गावर कुठेतरी भरलेले हलके पेट्रोल, दहा वर्षांचे वय, पाच माणसे आणि चढ, हे सारे एकाच दिवशी आले तरी गाडी चालावी म्हणून ती ठेवलेली असते. ट्यूनर तीच सवड काढून आपल्याला विकतो.

आता आपल्या गाडीविषयी. स्टेज 2 करू नका, या गिअरबॉक्सवर तर नाहीच. 340 न्यूटन मीटर म्हणजे मर्यादेच्या 36 टक्के वर. पीएस आणि टॉर्क यांत गल्लत करू नये, कारण क्लच टॉर्कने जातो. आपले इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांवर 150 पीएस देते, तेव्हा त्याचा टॉर्क सुमारे 210 न्यूटन मीटरवर आलेला असतो. तिथे 240 राखले तर 170 पीएस होतात आणि खालच्या फेऱ्यांतला टॉर्क 250 च्या वर न्यावा लागत नाही. असा रीमॅप मागा. बहुतेक ट्यूनर तो द्यायला नाखूश असतात, कारण पाठीला रेटा बसतो तो खालच्या टॉर्कचा, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा चालवताना तेच शोधते. मोठ्या इंटरकूलरचे म्हणाल, तर आपल्या इंजिनात तो पाण्याने थंड होणारा आहे. पुढे जाळीमागे नवा लावून हा प्रश्न सुटत नाही.

पण रीमॅपही नंतर. गाडीच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत. 100 ऐवजी 120 ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकना 44 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, म्हणून आधी उत्तम टायर, पुढचे चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल घ्या; ऑइल दर दोन वर्षांनी बदलावेच, कारण ते ओलावा शोषते आणि उतारावर उकळते. मागे डिस्क बसवण्याच्या फंदात मात्र पडू नका, तिथला भार मुळात कमी असतो आणि एबीएसचे गणित मूळ मापांवर बेतलेले असते. या सगळ्याला 50 हजारांच्या आत लागतील आणि पत्नी गाडी चालवत असतानाही त्याचा उपयोग होईल, जे डाउनपाइपबद्दल म्हणता येत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करू देत नाही, आणि कलम 182अ नुसार अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो. डाउनपाइपमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे हे तर मी कोणत्याही गाडीला चुकीचेच म्हणेन, पीयूसी कुठून तरी मिळत असली तरी. आणि माझे सगळे म्हणणे कोरड्या क्लचच्या डीएसजीबद्दल आहे. गाडी मॅन्युअल असती, तर जाड क्लच बसवून पुढचा विचार करता आला असता. ज्यांची गाडी फक्त ट्रॅकवर जाते त्यांचे गणित वेगळे.

माझी गाडी आज मूळ फाइलवर आहे, मूळ डाउनपाइप परत बसवला आहे, 1 लाख 18 हजार किलोमीटर झाले आहेत आणि नवा क्लच अजून नीट धरतो. त्यानंतर आम्ही पसरणी घाट सहा वेळा चढलो. आई आता मागे काच बंद करून बसते.

तरीही आपण रीमॅपचे ठरवलेच, तर पैसे देण्याआधी ट्यूनरकडून एक गोष्ट लिहून घ्या: आपल्याच गाडीत, मे महिन्यातल्या दुपारी, चार माणसे बसवून, चढावर काढलेला लॉग, म्हणजे गाडीच्या संगणकातून घेतलेली आकड्यांची नोंद. त्यात इंजिनाचा टॉर्क, इनटेकचे तापमान, क्लचचे तापमान, आणि इंजिनाच्या व क्लचमागच्या शाफ्टच्या फेऱ्या, हे आकडे असले पाहिजेत. गिअर पूर्ण लागलेला असताना त्या दोन फेऱ्यांत फरक दिसला, तर क्लच घसरतो आहे. लॉग इथे टाकलात तर मी पाहून सांगेन.