जमाखर्च शिकलेली लेक नाटकात गेली तर?

प्रश्न : आम्ही डब्लिनला राहतो. मुलगी अकाउंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्नेस्ट ब्लाइद या आयरिश मंत्र्यावर तिनं निबंध लिहिला आणि तेव्हापासून थिएटरच्या व्यवस्थापनात जायचं घेऊन बसली आहे. तिचे बाबा म्हणतात, "निवडणूक हरलेल्या माणसाची सोय लावली, त्याला करिअर म्हणतात का?" काय सांगू तिला?

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचा टोमणा अगदीच खोटा नाही. ब्लाइद 1923 ते 1932 अर्थमंत्री होता. 1933 मध्ये जागा गेली, 1935 मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय रंगभूमीच्या, संचालक मंडळावर आला आणि 1941 ते 1967 तिथला कारभारी होता. मधल्या काळात तो निळ्या शर्टवाल्यांच्या, म्हणजे फॅसिस्ट वळणाच्या ‘ब्लूशर्ट्स’ संघटनेच्या, नादी लागला, ते मला मुळीच पटत नाही. पण ॲबीशी नातं हरल्यावर जुळलं, असं नाही. 1924 मध्ये याच माणसानं म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधला आठवड्याचा एक शिलिंग कापला, दहाचे नऊ केले. लोक ते विसरले नाहीत. आणि पुढच्याच वर्षी पैशांनी टेकीला आलेल्या ॲबीला 850 पौंडांचं सरकारी अनुदान त्यानंच मिळवून दिलं! लेकीनं हे कोडं निबंधात कसं सोडवलंय, मला वाचायला आवडेल.

तिला खरं बघायला सांगा ते 1951 नंतरचं. जुलैत ॲबी जळालं आणि मंडळी क्वीन्स थिएटरात गेली, ती 15 वर्षं तिथंच राहिली. ते थिएटर मोठं. रोज इतक्या खुर्च्या भरायच्या तर हमखास चालणारी नाटकंच लावावी लागतात, तशी ती लागली, आणि दर्जा घसरल्याची बोलणी ब्लाइदनं खाल्ली. नवी इमारत उघडली 1966 मध्ये. तिची कोनशिला बसवली तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरानं, म्हणजे आयर्लंडच्या यादवी युद्धात ब्लाइदच्या समोरच्या बाजूला असलेल्या माणसानं. इमारत उभी करायची तर असल्यांच्याही दारात जावं लागतं.

भाषेचा हट्ट वेगळाच. तरुणपणी आयरिश शिकायला हा आयर्लंडच्या केरी परगण्यात एका शेतकऱ्याकडे गडी म्हणून राबला होता. पुढे ॲबीत नव्या नटांना आयरिश आलीच पाहिजे, असा दंडक घातला. त्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही, पण नट निवडताना अभिनयाआधी भाषा बघायची हे चूकच.

आता तुमच्या लेकीचं. पदवी अर्धवट सोडू देऊ नका. पगारपत्रक, विमा, अनुदानाचा अर्ज, रद्द झालेल्या प्रयोगाचे परतावे, हे नीट सांभाळणारं माणूस प्रत्येक थिएटरला लागतं आणि ते सहजी सापडत नाही. सुट्टीत तिनं एखाद्या छोट्या थिएटरच्या तिकीटबारीवर काम मागावं. प्रयोग संपल्यावर, बाकीचे गप्पा मारत बसलेले असताना, गल्ला मोजून पाच युरो कमी का आले हे शोधायला तिला कंटाळा येतो का, ते बघा. कंटाळा येत असेल तर तिला नट व्हायचंय, कारभारी नव्हे, आणि मग मला वेगळं पत्र लिहा.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो. पहिली दोन वर्षं ती घरी राहणार की वेगळं भाडं भरणार, हे बाबांनी तिच्यासोबत कागदावर मांडावं. आकडे तीच लिहील.