वटवाघळांच्या बचाव केंद्रात सात वर्षांच्या मुलीला नेऊ का?

तुम्ही विचारलंय की स्वयंसेवकांनी चालवलेल्या वटवाघूळ बचाव केंद्रात सात वर्षांच्या मुलीला न्यावं का, आणि तिला एखादं वटवाघूळ हातात धरायला मिळेल का. न्या, जरूर न्या. हातात मात्र मिळणार नाही, आणि जिथे कुणी आपणहून देऊ करेल तिथे जाऊच नका.

वटवाघूळ चावलं किंवा त्याचं नख लागलं, तर रेबीजचा धोका धरूनच चालावं लागतं. प्रत्येक वटवाघळाला रेबीज असतो असं अजिबात नाही. पण त्या प्राण्याला तो आहे की नाही हे खात्रीनं ठरवायला मेंदूचा नमुना लागतो, म्हणजे त्याला मारावंच लागतं. मुलीनं मायेनं बोट पुढे केलं, भेदरलेल्या पिल्लानं ते चावलं, की मुलीला लशीचे डोस आणि बऱ्याचदा पिल्लाला मरण. मी गेले होते त्या केंद्रातल्या ताईंनी हे दारातच सांगितलं. त्यांनी स्वतः आधीच लस घेतलेली होती, तरी जाड हातमोजे चढवल्याशिवाय एकाही पिंजऱ्यात हात घातला नाही.

त्या दिवशी काटेरी तारेत अडकलेलं एक मोठं फलाहारी वटवाघूळ टेबलावर होतं. टॉवेलात गुंडाळलेलं, डोकं झाकलेलं, एक पंख तेवढा बाहेर. ताईंनी तो हळूच उलगडून दिव्यासमोर धरला आणि मी बघतच राहिले. पंख कसला, हातच तो! आपल्यासारखाच खांदा, कोपर, मनगट, चार लांबच लांब बोटं आणि त्यांच्यामध्ये ताणलेली पातळ कातडी, तिच्यात रक्तवाहिन्यांची जाळी. अंगठा मोकळा, आकड्यासारख्या नखाचा. कातडीला दोन भोकं पडली होती. एवढी भोकं काही आठवड्यांत भरून येतात, हाड मोडलं तर मात्र पुन्हा उडणं कठीण, असं त्या म्हणाल्या. लोक दया येऊन तारेतून ओढून काढतात आणि त्यातच पंख जास्त फाटतो, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

जमलं तर खाण्याच्या वेळी जा. ही वटवाघळं फळ चघळून रस गिळतात आणि चोथा थुंकून टाकतात. उलटं लटकलेलं वटवाघूळ लघवी करताना अंगठ्यांवर लोंबकळून सरळ होतं, अंग भिजू नये म्हणून. माझा भाचा घरी आल्यावर आठवडाभर सगळ्यांना हेच सांगत होता.

किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांसाठी तिथे डिटेक्टर, म्हणजे त्यांचे आवाज टिपणारं यंत्र होतं. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, त्यांची बहुतेक हाक त्याच्या वरची. यंत्र ती खाली आणून ऐकवतं. आधी सुटे सुटे टक्, टक्, आणि किडा टप्प्यात आला की एकदम टर्रर्र! लहान वटवाघळं या हाकांच्या प्रतिध्वनीवरून किडा शोधतात. मोठी फलाहारी मात्र बहुतांशी डोळ्यांवर आणि नाकावर चालतात, तेव्हा ‘वटवाघळं आंधळी असतात’ हे मुलीच्या डोक्यातून तिथेच निघून जाईल.

एका पिल्लासाठी ही माणसं रात्री दर काही तासांनी उठून दूध पाजतात. एवढी धडपड कशासाठी, हे मला आधी कळलंच नव्हतं. मग समजलं की बहुतेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे एक गेलं तरी ती उणीव लवकर भरून निघत नाही.

आधी फोन करून जा. पिल्लांच्या हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जुने स्वच्छ टॉवेल नेलेत तर मनापासून आवडतील, पण फोनवरच विचारून घ्या.

आणि जायच्या आधी मुलीला एवढं शिकवून ठेवा: वटवाघूळ दिवसा जमिनीवर पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. तुम्हीही उचलू नका. हलक्या हातानं वरून खोका पालथा घाला, मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि केंद्राला फोन करा. चुकून स्पर्श झालाच, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, जखम दिसत नसली तरी. लहान वटवाघळांचे दात इतके बारीक असतात की चावल्याची खूण राहतेच असं नाही.