दुसऱ्या मॉड्यूलमधील मेथड कॉल करताना

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांसाठी तुम्ही पायथनमध्ये लिहीत असलेल्या प्रोग्राममध्ये ‘पेटी’ आणि ‘बिल’ हे क्लास (ऑब्जेक्ट बनवण्याचे साचे) स्वतंत्र मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कोड-फाइलींत, ठेवले आहेत, ते योग्यच आहे. मात्र ‘बिल’मधून पेटीचे वजन मागताना नुसते मॉड्यूल इम्पोर्ट करून भागत नाही. वजन एखाद्या विशिष्ट पेटीचे असते, क्लासचे नव्हे; म्हणून थेट क्लासच्या नावावर मेथड (क्लासमधील फंक्शन) कॉल केल्यास ‘सेल्फ’, म्हणजे ज्या पेटीवर मेथड चालवायची ती, मिळाला नाही अशी टाइप-एरर येते. त्यावर बिलाच्या आतच नवी पेटी तयार करण्याचा मोह होतो, पण त्या रिकाम्या ऑब्जेक्टला (साच्यातून नव्याने बनलेल्या पेटीला) बागेत भरलेल्या पेटीची काहीच माहिती नसते. आधीच तयार असलेली पेटी बिलाच्या कन्स्ट्रक्टरला (बिल तयार होताना चालणाऱ्या मेथडला) द्यावी आणि तिच्यावरच मेथड कॉल करावी.

बिलाने पेटीकडून बागायतदार, त्याच्याकडून बँक खाते अशी साखळी ओढू नये. १९८७ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात मांडलेला डेमीटरचा नियम हेच सांगतो.

दोन्ही मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करू लागली, तर मॉड्यूल अर्धवटच लोड झाल्याची तक्रार पायथन करू शकतो. फंक्शनच्या आत इम्पोर्ट लिहून वेळ मारून नेता येते, परंतु मला ते पटत नाही. दर काढण्यासारखे सामाईक काम तिसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवावे.