‘बबल अँड स्क्वीक’मध्ये किंचाळतं कोण?

एका इंग्रजी मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत ‘बबल अँड स्क्वीक’चं ‘बुडबुडे आणि किंचाळी’ झालेलं दिसलं; हा काय प्रकार आहे आणि मराठीत याला म्हणायचं काय, अशी विचारणा आली आहे.

प्रकार खाण्याचा आहे, आणि अगदी साधा. रविवारच्या जेवणातले उरलेले बटाटे आणि उकडलेला कोबी सोमवारी एकत्र कुस्करायचे, फ्राइंग पॅनमध्ये चरबीवर किंवा लोण्यावर थापायचे आणि खालची बाजू तांबूस, खरपूस होईपर्यंत हलवायचे नाहीत. मग उलथायचं. नाताळच्या दुसऱ्या दिवशीही इंग्लंडात घरोघरी हेच होतं.

गंमत अशी की मुळात यात बटाटा नव्हताच. फ्रान्सिस ग्रोसनं १७८५ साली इंग्रजीतल्या गावरान, रस्त्यावरच्या शब्दांचा कोश काढला. त्यात या नावाचा अर्थ दिलाय: गोमांस आणि कोबी एकत्र परतून केलेला पदार्थ. नावाचं कारणही तिथेच आहे. विस्तवावर असताना तो बुडबुडतो आणि चूं चूं करतो, म्हणून हे नाव. १८०६ सालच्या मारिया रंडेलच्या पाककृतींच्या पुस्तकातही परतलेल्या कोबीवर मांसाचे काप आहेत, बटाटा नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या मार्चपासून, ब्रिटनमध्ये मांसावर रेशन आलं, ते उठलं थेट १९५४ च्या जुलैत. युद्धाच्या काळात बटाटे आणि कोबी मात्र रेशनबाहेर होते. बिनमांसाची चाल त्या दिवसांत घट्ट बसली. पदार्थातलं मुख्य जिन्नसच गेलं, तरी नाव हललं नाही, कारण ते जिन्नसावरून पडलेलंच नव्हतं. आवाज तोच राहिला, म्हणून नावही राहिलं.

म्हणूनच ‘किंचाळी’ चुकते. कोशात ‘स्क्वीक’समोर तो शब्द सापडेलही, पण इंग्रजीत स्क्वीक करतो तो उंदीर, नवा बूट, नाहीतर तेल न घातलेली बिजागरी. बारीक, चिरका आवाज. घाबरून किंचाळणाऱ्याचा इथे काही संबंध नाही. आणि ‘बुडबुडे’ म्हटलं की आपल्याला साबणाचे आठवतात. थरात कोंडलेलं कोबीचं पाणी उकळून वर येतं तेव्हा जे होतं त्याला मराठीत ‘खदखदणं’ असा नेमका शब्द आहे. पिठलं खदखदतं ना, तसं. तेच पाणी तापल्या चरबीला लागलं की ‘चर्र’. आवाजाच्या शब्दांत आपण श्रीमंत आहोत. चुरचुर, तडतड, रटरट हे वेगवेगळे आवाज आहेत हे स्वयंपाकघरात कोणाला सांगावं लागत नाही. तेव्हा भाषांतर करायचंच तर ‘खदखद-चरचर’ करा. तरीही माझं मत विचाराल तर नाव तसंच ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘कोबी-बटाट्याचं परतलेलं शिळं’ एवढं वाक्यात मिसळून द्यावं. उपशीर्षकात जागा नसते, हे मान्य. मग नुसतं ‘कोबी-बटाटा’ चालेल. किंचाळीपेक्षा बरं.

शिळ्याला गोंडस नाव द्यायची हौस आपल्याकडेही आहे. काही घरांत फोडणीच्या पोळीला ‘माणिकमोती’ म्हणतात. पण ते नाव शिळेपण झाकतं. इंग्रजी नाव झाकत काही नाही, फक्त पॅनकडे कान लावतं.

आयर्लंडच्या ‘कोलकॅनन’शी याची गल्लत करू नये. तिथेही बटाटा आणि कोबी किंवा केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) असतात, पण ते लोणी-दुधात घोटलेलं, मऊ. खरपूस कवच नाही, म्हणजे चरचरही नाही.

लिंगाचं विचारलं नव्हतंत, पण अडेल म्हणून सांगतो. इंग्रजीत नाव जोडीचं असलं तरी पदार्थ एकच, क्रियापद एकवचनी. मराठीत मी नपुंसकलिंगी वापरतो, भरीत-पिठल्याच्या पंगतीतलं: ‘बबल अँड स्क्वीक छान झालं होतं.’

लंडनच्या साध्या उपाहारगृहांत सकाळच्या न्याहारीला याला नुसतं ‘बबल’ म्हणतात. मात्र लंडनच्याच कॉकनी बोलीत, यमकावरून शब्द लपवायच्या खेळात, ‘स्क्वीक’ जुळतं ‘ग्रीक’शी, आणि यमकाचा तुकडा गाळून उरतो ‘बबल’. त्यामुळे मालिकेतलं पात्र ‘तो बबल आला’ म्हणालं, तर येणारा ग्रीक माणूस आहे. तिथे कोबी लिहू नका.