बर्मी नावामागे 'यांनी' कुठे लावावे? आणि 'राजबंदी' कोणाला म्हणावे?

प्रश्न असा आहे: म्यानमारमधल्या (ब्रह्मदेशातल्या) मंडाले प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री डॉ. झॉ म्यिं माउं यांच्यावर मराठीत लिहिताना, पहिल्या उल्लेखानंतर नुसते 'माउं यांनी' लिहिलेले चालेल का? आणि त्यांना राजबंदी म्हणावे, राजकीय कैदी की स्थानबद्ध?

आधी नाव. बर्मी लोकांना आडनाव नसते. झॉ, म्यिं, माउं हे तिन्ही शब्द मिळून त्यांचे स्वतःचे एकच नाव होते, त्यामुळे शेवटचा तुकडा आडनावासारखा तोडता येत नाही. त्यातही 'माउं' तोडणे अधिकच वाईट, कारण हाच शब्द धाकट्या भावासाठी आणि तरुण मुलाच्या नावाआधीही लावतात. दुसऱ्या उल्लेखात पूर्ण नाव लिहावे, नाहीतर सरळ 'डॉक्टरांनी' म्हणावे. मराठीत ते अगदी सहज वाटते. सूचीतही हे नाव 'झ'खालीच यायला हवे.

उच्चारात झाडातला दंत्य 'झ' घ्या. रोमन लिपीतले 'मिंट' आणि 'माउंग' यांमधले शेवटचे ट आणि ग बर्मीत उच्चारत नाहीत. तिथे नाकातला स्वर असतो आणि तो पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. आपला अनुस्वारही तसाच वागतो, म्हणून 'म्यिं माउं' हे लेखन मूळ उच्चाराच्या बरेच जवळ जाते. मात्र प्रत्यय थेट जोडू नका: 'माउंनी' वाचताना माणूस अडखळतो, 'माउं यांनी' ठीक.

त्यांच्या नावाआधीचे 'डॉ.' खरे आहे. ते वैद्यकीय पदवीचे डॉक्टर होते. म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांच्या नावाआधी मात्र बर्मी लोक 'दॉ' लावतात. हा प्रौढ स्त्रीसाठीचा आदरशब्द, मूळ अर्थ मावशी-आत्या. मराठीत त्याचे 'डॉ.' झाले की त्या फुकटच्या डॉक्टर होतात. पुरुषांसाठी 'ऊ': संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांचे नाव फक्त थांट होते.

आता दुसरा भाग. मराठीत तुरुंगातल्या माणसासाठी शब्द पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची कायदेशीर जागा वेगळी आहे. खटला चालू आहे तो कच्चा कैदी, शिक्षा झाली तो पक्का कैदी. खटलाच न भरता सरकारी हुकमाने डांबला तो स्थानबद्ध. घरात किंवा ठरावीक जागी पहाऱ्यात ठेवला तो नजरकैदेत, जसा ब्रह्मदेशचा थिबा राजा रत्नागिरीत 1916 मध्ये मरेपर्यंत होता.

एकाच मंडालेच्या तुरुंगात हा फरक दिसतो. टिळकांवर 1908 मध्ये राजद्रोहाचा खटला चालला, सहा वर्षांची शिक्षा झाली; ते शिक्षा झालेले कैदी. सुभाषचंद्र बोस यांना 1925 मध्ये तिथे नेले ते खटल्याविना, ते स्थानबद्ध. आणीबाणीत मिसा कायद्याखाली खटल्याविना डांबलेले आपले मिसाबंदीही स्थानबद्धच.

डॉ. झॉ म्यिं माउं 1990 च्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीतर्फे निवडून आले, त्याच वर्षी पकडले गेले, त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली आणि ते 2009 मध्ये सुटले. 2016 मध्ये मंडाले प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावात पुन्हा अटक, पुन्हा शिक्षा. रक्ताच्या कर्करोगाने ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. इतकी वर्षे शिक्षा भोगलेल्या माणसाला स्थानबद्ध म्हणणे म्हणजे ती शिक्षाच पुसून टाकणे. 'राजकीय कैदी' निःसंशय बरोबर. 'राजबंदी'ही चालेल: इंग्रजी अमलात तो विनाखटला डांबलेल्यांसाठी विशेष वापरात होता, पण आज त्याचा अर्थ रुंदावला आहे.

'राजकीय बंदी' मात्र टाळा. 'राजकीय बंदी उठली' असे वाचले की पक्षावरची मनाई उठली असेच वाटते. सामान्यरूपात दोन्ही शब्द वेगळे होतात: मनाई ती स्त्रीलिंगी, 'बंदीमुळे', तुरुंगातला तो पुल्लिंगी, 'बंद्यांमुळे'. म्हणून मथळ्यात 'राजबंद्यांची सुटका' लिहावे, 'राजबंदींची' नको.