रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण मुलगी जेवत नाही: आता काय करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी सोळा वर्षांची. दहावीनंतर 'हेल्दी खायचं' म्हणून आधी गोड-तळलेलं सोडलं, मग भात, मग पोळी. आता संकष्टी, एकादशी, गुरुवार, शनिवार असे उपवास धरते. सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही. तीन महिने पाळी नाही. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, आणि डॉक्टर म्हणतात अभ्यासाचा ताण असेल.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून थांबू नका. खाणं कमी पडलं तरी शरीर रक्तातल्या घटकांचं प्रमाण फार काळ धरून ठेवतं. तोवर नाडी मंदावलेली असते, रक्तदाब उतरलेला असतो, हाडं विरळ व्हायला लागलेली असतात. लिहिलेल्यावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, पण तुम्ही सांगितलंय तेवढं खाण्याच्या आजाराची (ईटिंग डिसऑर्डर) शंका धरून या आठवड्यात नीट तपासणी करून घ्यायला पुरेसं आहे.

दुसरी गफलत वजनाची. 'एवढी काही बारीक नाही ती' या वाक्यानं या आजारात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. आधी अंगानं भरलेली मुलगी झपाट्यानं उतरली, तर दिसायला ठीकच दिसते, उलट लोक कौतुक करतात; हृदयावरचा धोका मात्र हाडं दिसणाऱ्या मुलीइतकाच असू शकतो. म्हणून आत्ताचं वजन किती यापेक्षा ते किती वेगानं उतरलं हे बघा. शाळेच्या आरोग्य कार्डावर किंवा जुन्या केसपेपरवर आकडे सापडतील.

उपवासांबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत हे सगळं तिथेच लपतं. श्रद्धेनं उपास करणारी मुलगी साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी खाते आणि उपास सुटला की ताट वाढून घेते. तुम्ही उपास सोडायच्या वेळेकडे लक्ष द्या. सोडणं पुढे ढकललं जातंय का? फराळाचंही टाळतेय का? लग्नात किंवा वाढदिवसाला चार घास जास्त झाले की दुसऱ्या दिवशी नवा उपास निघतो का? तिला आग्रह केल्यावर भीती वाटते, की नुसता कंटाळा येतो? भीती दिसली तर ते व्रत राहिलेलं नाही.

बाकीच्या खुणा: उन्हाळ्यातही थंडी वाजणं, केस गळणं, हातांवर बारीक लव येणं, बद्धकोष्ठता, उठल्यावर चक्कर, उभं राहून अभ्यास करणं, जेवणानंतर लगेच फेऱ्या मारणं. घरच्यांसाठी हौसेनं केक करायचा आणि स्वतः चाखायचाही नाही, तासन्‌तास रेसिपी बघायच्या, हेही त्यातलंच. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. ते तरुणही पाककृती जमवू लागले, चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले. म्हणजे तुम्हाला जो 'स्वभाव बदलला' वाटतो, त्यातला बराचसा भाग भुकेचा परिणाम असतो, आणि पोट नियमित भरू लागलं की तो हळूहळू ओसरतो.

जेवल्यावर लगेच बाथरूम आणि नळ सोडलेला, गाल जबड्यापाशी सुजलेले, बोटांच्या सांध्यांवर ओरखडे, दात झिजलेले, पोट साफ करायच्या गोळ्यांची पाकिटं, रात्री डबे रिकामे होणं, अशी लक्षणं दिसली तर आजाराचं रूप वेगळं, म्हणजे खाल्लेलं उलटीनं किंवा गोळ्यांनी बाहेर काढण्याचं आहे, आणि पोटॅशियम घसरण्याचा धोका मोठा. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू देऊ नका, आम्लानं मऊ झालेलं दातांचं आवरण त्यानं आणखी झिजतं; नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ भरायला सांगा. मुलग्यांत खाण्याचा आजार बहुधा जिम आणि प्रोटीन पावडरच्या आडून येतं.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: वजन कधी किती होतं, शेवटची पाळी, चक्कर, उलट्या, गोळ्या, व्यायाम, आणि गेल्या तीन दिवसांत प्रत्यक्ष काय पोटात गेलं. मग स्पष्ट मागा: नाडी आणि रक्तदाब आधी झोपवून, मग उभं करून, तापमान, ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, साखर, किडनी आणि लिव्हर. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुतेकदा नसतात, ते वेगळे सांगावे लागतात. वजन करताना आकडा तिला दिसणार नाही असं उभं करा.

पाळी यायच्या गोळ्या कुणी लगेच लिहून दिल्या तर थांबून विचारा. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळ्यांना वाटतं प्रश्न सुटला. मूळ उपासमार तशीच राहते, हाडांचं नुकसान चालू राहतं आणि तुमची एक महत्त्वाची खूण पुसली जाते.

जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली, बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं किंवा धडधड, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, यातलं काहीही असलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. टाइप 1 मधुमेह असलेलं मूल इन्सुलिन चुकवत असेल तर तेही याच यादीत.

बोलायचं जेवणाच्या ताटावर नाही. दुपारी, दोघीच असताना, फक्त दिसलेलं सांगा: "चार रविवार तू आमच्याबरोबर जेवली नाहीस, परवा जिन्यात खाली बसलीस. मला काळजी वाटते. बुधवारी डॉक्टरांकडे जायचंय." ती 'मला काही झालेलं नाही' म्हणेल. तो खोटेपणा समजू नका, तिला खरंच तसं वाटत असतं. वाद घालू नका, पण बुधवार बदलूही नका. 'चेहरा भरला हं आता' हे वाक्य घरात कुणीच बोलायचं नाही, आजीनंसुद्धा. तिला त्यात फक्त 'जाड झालीस' ऐकू येतं.

बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियननंतर मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्यांच्या जोडीला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पहिल्या फोनवरच विचारा, 'खाण्याच्या आजाराचे पेशंट तुम्ही बघता का? आईवडिलांना उपचारात घेता का?' या वयात कुटुंबाला धरून केलेल्या उपचाराचा आधार सर्वांत भक्कम आहे. त्यात सुरुवातीला काय आणि किती खायचं हे पालक ठरवतात: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, कुणीतरी शेजारी बसलेलं, आणि जेवणानंतर तासभर सोबत. वजन कमी करून देणाऱ्या आहारतज्ज्ञाचा डाएट चार्ट मात्र आणू नका, मोजण्याची सवय त्यानं आणखी पक्की होते.

एक सावधगिरी अगदी गंभीरपणे घ्या. पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच खाल्लं नसेल किंवा वजन फार झपाट्यानं उतरलं असेल, तर घरी एकदम भरपूर भरवू नका. उपाशी शरीराला अचानक अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बिघडू शकतं. अशा वेळी प्रमाण डॉक्टर ठरवतात, पहिले काही दिवस रक्त पुन्हा पुन्हा तपासतात, आणि अन्न वाढवण्याआधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) देतात.

जवळ कुणी सापडत नसेल तर टेली-मानस, 14416, हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे मानसोपचाराची सरकारी संस्था, आहे. भरती व्हायची वेळ आली तर मेडिक्लेमवाल्यांना विचारा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलंय. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च धरतात का, ते वेगळं तपासावं लागेल.

आणि बुधवारपर्यंत पीटी, डान्स क्लास, सायकल सगळं बंद. ईसीजी झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच पुन्हा सुरू करा.