आजीचं घर मामा का पाडत नाही

प्रिय रेवा,

काल आजीशी व्हिडिओ कॉल झाल्यावर तू विचारलंस, "राजवाडा जपतात ते कळलं. पण बडोद्याचं आपलं घर तर साधंच आहे. मामा ते पाडून फ्लॅट का नाही बांधत? मराठी लोकांना जुनी घरं इतकी का आवडतात?" रात्र झाली होती, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सगळ्यांना आवडतात असं मुळीच नाही, बाळा. माझ्या लहानपणी दांडिया बाजारात होती, त्यातली कितीतरी लाकडी घरं आता उरली नाहीत. काहींचे कोरीव खांब तर शोभेसाठी विकले गेले.

अठराव्या शतकात गायकवाडांनी बडोदं घेतलं आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, वैद्य, भटजी अशी मराठी कुटुंबं इथे येऊन राहिली. घरं बांधायला सुतार मात्र इथलेच, गुजराती. म्हणून आपल्या घरात ओसरी, माजघर, देवघर, मागे न्हाणीघर अशी आपली मांडणी आहे, आणि दर्शनी बाजूला गुजराती नक्षी. ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळाही इथलाच. ना पुण्यात असं घर सापडेल, ना सुरतेला.

लक्ष्मीविलास राजवाडा 1890 मध्ये बांधून झाला. तो देखणाच आहे, पण त्यावरून सयाजीराव महाराज कसे राहत एवढंच कळतं. त्यांच्या कचेरीतला कारकून संध्याकाळी घरी येऊन पागोटं कुठे ठेवायचा, त्याची बायको ओसरीवर न येता दारात कोण आलंय ते कुठून बघायची, हे आपल्यासारख्या घरातच समजतं. माजघराच्या दाराशेजारची ती छोटी जाळी आठवते ना? ती त्याचसाठी आहे.

तांबेकर वाडा तू पाहिला आहेस. तोही लाकडीच, पण भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते आणि वाड्याच्या भिंती कृष्णलीलेच्या, महाभारताच्या, लढायांच्या चित्रांनी भरल्या आहेत. म्हणून पुरातत्त्व खात्याने तो संरक्षित केला. आपल्याकडे चित्रं नाहीत, दिवाणही नाहीत. आपल्या घराला राखणदार एकटा मामा.

आता घर उभं कसं आहे ते सांगते, कारण माझ्या मते खरी किंमत तिथे आहे. भिंती पडल्या तरी घर पडणार नाही! सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर आहे, विटा नुसत्या मधल्या जागेत भरलेल्या. प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा आहे, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी लाकडापर्यंत सहज पोचत नाही. सांधे खाचेत खाच बसवून, लाकडी खुंट्या ठोकून केलेले, त्यामुळे घर हललं तर थोडं लवतं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत कित्येक सिमेंटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. जुन्या शहरातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांनी त्या मानाने चांगला तग धरला. त्याच जुन्या शहराला 2017 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही मुख्यतः पोळांमधल्या, म्हणजे तिथल्या दाटीवाटीच्या जुन्या गल्ली-वस्त्यांमधल्या, अशा राहत्या घरांमुळे.

शिवाय हे घर तुकड्या-तुकड्याने दुरुस्त होतं. चौकाकडचा एक खांब पावसाने खालून कुजला, तेव्हा मामाने तुळईला टेकू दिला, कुजका भाग कापून काढला आणि तिथे जुन्या सागाचा तुकडा सांधून घेतला. वरचा खांब मूळचाच राहिला. सांधा अजून फिकट दिसतो, हात लावून बघ.

त्रास आहेच. कौलं गळतात, जिना उभा आहे, जुनी वायरिंग बदलताना मामाचे बरेच पैसे गेले. लाकडाच्या घरात आगीची भीती सर्वांत मोठी. कुणी म्हणतं, पुढची नक्षी ठेवा आणि मागे सिमेंटची इमारत उठवा. मला ते अजिबात पटत नाही. मग माजघर गेलं, जाळी गेली, आणि नक्षी कशासाठी होती तेही गेलं.

घराचा नकाशा मात्र कुणाकडेच नाही. डिसेंबरमध्ये जाऊ तेव्हा टेप घेऊन ये. आपली घरं खणांत मोजतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ओसरीपासून सुरुवात कर, माळ्यावर मामा नेईल. प्रत्येक सांध्याचे फोटो काढ आणि कुठला कुठे ते लिहून ठेव. पुढच्या दुरुस्तीला सुताराच्या हातात तोच कागद द्यायचा आहे.

तुझी,
आई